द्विदल वैरणीची पेरणी, तिची वेळ व तिचें खत

हिरव्या वैरणीचें नांव काढलें कीं आपल्या इकडील शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें मका आणि कडवळ हीं दोनच पिकें उभीं राहतात. दोन्ही चांगलीं, वजनास भारी, आणि जनावरें तीं आवडीनें खातात. तथापि जनावराचें पोट भरणें निराळें व त्यास दुधाचें सत्त्व पुरविणें निराळें. ज्वारीच्या कडब्यांत शेंकडा तीन-चार भागांच्या आसपासच प्रथिन असतें. तेंच लसूणघास फुलावर येण्याच्या सुमारास कापून वाळविला तर त्यांत शेंकडा अठरा ते वीस, आणि चवळीच्या वाळल्या वैरणींत पंधरा-सोळाच्या घरांत प्रथिन निघतें. ज्याच्या दावणीला घास आहे त्याचें सरकीपेंडीचें पोतें अधिक दिवस पुरतें, हें प्रत्येक गवळ्यास ठाऊक आहे.

अशा ह्या द्विदल वैरणीविषयीं दोन प्रश्न आहेत : ती पेरावी केव्हां, आणि तिला खत कोणतें घालावें. आमचा अनुभव असा कीं दुसरा प्रश्न सर्वजण विचारतात, पहिला फारच थोडे. आणि दुसऱ्याचें उत्तर दुकानांत शोधण्याची संवय जडल्यामुळें तेंही पुष्कळदां चुकतें. पेरणीचा दिवस हातचा गेला म्हणजे तो खताच्या पोत्यानें परत मिळत नाहीं. हें आम्हीं एक वर्ष नुकसान सोसून शिकलों, म्हणून तो हिशेब प्रथम मांडतों.

आमची जमीन मुळा धरणाच्या कालव्याखालीं, मध्यम काळी, निचऱ्याची आहे. नोकरींतून मोकळे झाल्यावर आम्हीं दोन म्हशी व एक गाय बांधली. म्हशी सोसायटीच्या कर्जाच्या. दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलांतून हप्ता आधीं वळता होतो व उरेल तें घरांत येतें. घासासाठीं दहा-दहा गुंठ्यांचे दोन लगतचे तुकडे काढले होते. पहिल्यांत मूग होता. तो भाद्रपदापूर्वींच निघाला, रान तयार झालें, आणि चित्रा नक्षत्र लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं, म्हणजे ऑक्टोबरच्या १३ तारखेस, घास पेरला. दुसऱ्या तुकड्यांत कपाशी उभी होती. आणखी एक वेचणी होईल, आणखी एक होईल, ह्या लोभानें ती डिसेंबरपर्यंत ठेविली. नंतर पऱ्हाट्या उपटून, घाईनें कुळवून, १७ डिसेंबरला त्या तुकड्यांत घास टाकला. बीं एकच, शेणखत एकाच उकिरड्याचें, पाणी एकाच पाटाचें.

पहिला तुकडा पांचव्या दिवशीं उगवून आला. दुसऱ्यास बारा दिवस लागले व तोही विरळ. पहिल्याची पहिली कापणी ५४ व्या दिवशीं झाली, दुसऱ्याची ७५ व्या. जमाखर्च लिहिण्याची जुनी खोड असल्यामुळें प्रत्येक कापणीची तारीख व भाऱ्यांचें वजन आम्हीं वहींत टिपून ठेविलें आहे. मेअखेरपर्यंत पहिल्या तुकड्याच्या सात कापण्या झाल्या. दुसऱ्याच्या चार, आणि त्या चारांतही एकीचा भारा पहिल्या तुकड्याच्या भाऱ्याच्या तोडीस उतरला नाहीं.

मधल्या काळांत आम्हीं स्वस्थ बसलों होतों असें नव्हे. जानेवारींत दुसरा तुकडा पिवळट दिसूं लागला, तेव्हां बांधाशेजारचे एक जाणते शेतकरी म्हणाले, "भाऊसाहेब, घास मागं पडलाय. युरिया टाका थोडा, आठ दिवसांत काळाभोर होतो का नाही बघा." आम्हीं दहा गुंठ्यांस दहा किलो युरिया टाकला. आठव्या दिवशीं घास खरोखरच काळाभोर झाला. पण त्याच्याहून काळाभोर झाला तो त्यांतला चंदनबटवा! हराळीनेंही अंग धरलें. खुरपणीस दोन बाया चार दिवस लागल्या. कापणी झाली, फुटवा पुन्हां पिवळा, पुन्हां युरिया. असें तीन वेळां झालें. मावाही प्रथम त्याच तुकड्यावर दिसला. मार्चअखेर कुदळीनें दोन्ही तुकड्यांतील चार-चार झाडें मुळासकट काढून पाण्यांत धुतलीं. पहिल्या तुकड्याच्या मुळ्यांवर बारीक, लांबट गाठी जागोजाग होत्या. नखानें फोडतां आंत गुलाबी. दुसऱ्या तुकड्याच्या मुळ्या वीतभरही खोल गेल्या नव्हत्या, गाठी तुरळक, आणि त्या आंतून पांढऱ्या.

एप्रिलांत उन्हाचा कडाका वाढला तसा दुसरा तुकडा पाणी देऊनही मान टाकूं लागला. दहा गुंठ्यांच्या घासावर तीन जनावरें कशीं निभावणार? कडबा विकत घेतला, पेंडीचें प्रमाण वाढविलें, तरी दूध उतरलेंच. गाय वेळेच्या आधीं आटली. लागोपाठ तीन बिलें हप्ता आणि पेंड ह्यांतच संपलीं व घरांत चहापुरतें दूध ठेवावें कीं तेंही डेअरीस घालावें असा प्रश्न पडला. कपाशीच्या शेवटच्या दोन वेचण्यांचे पैसे आले होते खरे. पण वहींत दोन्ही रकमा समोरासमोर लिहून पाहिल्या तेव्हां त्या वेचण्या आम्हांस फार महाग पडल्या असेंच दिसून आलें.

आतां हें असें कां झालें तें पाहूं.

द्विदल पिकानें जमीन सुधारते हें आपल्या वाडवडिलांस शास्त्र शिकण्यापूर्वींपासून माहीत होतें. हरभऱ्याचा बेवड, मुगाचा बेवड हे शब्द उगाच पडले नाहींत. त्याचें कारण मात्र १८८६ सालीं जर्मनींतील हेलरीगेल व विल्फार्थ ह्या दोघांनीं उघड केलें. हवेचे पांचांतले जवळजवळ चार भाग नत्र आहे. पण कोणतेंही झाड तें हवेंतून सरळ घेऊं शकत नाहीं. द्विदल झाडाच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जिवाणू तें बांधून झाडास देतात, आणि त्याबद्दल झाड आपल्या पानांत तयार झालेली साखर त्यांस पोंचवितें. हा उघड देवघेवीचा व्यवहार आहे. जमिनींत तयार नत्र भरपूर मिळूं लागलें कीं झाड ह्या भाडेकरूंस पोसण्याचें सोडून देतें. नव्या गाठी धरत नाहींत, जुन्या निकामी होतात. युरियाचा डोस देऊन आम्हीं आमच्या घासाची फुकटची मिळकत आपल्या हातानें बंद केली, आणि मग त्यास दर महिन्यास विकतचें नत्र पुरवीत बसलों. गांठीचा पैसा खर्चून गाठी मारल्या म्हणावयाच्या!

गुलाबी रंगाची खूण प्रत्येकानें लक्षांत ठेवावी. उगवण झाल्यापासून सुमारें चार आठवड्यांनीं दोन-तीन झाडें हळूच खणून काढावीं, उपटूं नयेत, कारण उपटतांना गाठी मातींतच तुटून राहतात. गाठ फोडून आंत गुलाबी किंवा तांबूस असेल तर काम चालू आहे. पांढरी, हिरवट किंवा करडी असेल तर नाहीं. ह्या परीक्षेस पैसा लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. घास कापल्याबरोबर पानें जातात, म्हणजे गाठींस साखर पुरविणारा कारखानाच बंद पडतो. त्यामुळें कापणीनंतर आठ-पंधरा दिवस नत्र बांधण्याचें काम अगदीं मंदावतें व नवा फुटवा जोर धरल्यावर पूर्ववत् होतें. तेवढ्या दिवसांत पीक थोडें फिकें दिसलें तर तें युरिया मागत आहे असें समजूं नये. त्यास पाणी द्यावें आणि वाट पाहावी.

हें झालें खताचें अर्धें कारण. वेळेचें कारण ह्याहून साधें आहे. घासाचें बीं अतिशय बारीक; एका ग्रॅमांत चार-पांचशें दाणे बसतात. एवढ्याशा दाण्यांत शिदोरी ती किती असणार! उगवल्यापासून थोडक्याच दिवसांत रोपानें स्वतःचें कमावून खाल्लें पाहिजे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धांत दिवसा ऊब असते व रात्रीं गारवा नुकताच पडूं लागलेला असतो. वीस ते पंचवीस अंश सेंटिग्रेड उष्णमान ह्या बियास मानवतें. रोप झटकन उगवतें, थंडी वाढेपर्यंत त्याचें मूळ खालीं उतरतें, आणि मग थंडी त्यास बाधत नाहीं. उलट तींत तें फुटवे धरतें. डिसेंबरांत पेरलेल्या रोपाचे पहिले दोन महिने थंडीशीं झगडण्यांत जातात आणि मूळ खोल जाण्यापूर्वींच फाल्गुनाचें ऊन माथ्यावर येतें. उन्हाळ्यांत घास तगतो तो त्याच्या खोल मुळावर. आणि मूळ वाढविण्याचा काळ तर हिंवाळ्यापूर्वींचा. तो गेला कीं गेला.

फार लवकर पेरण्यांतही लाभ नाहीं. उत्तरा व हस्त ह्या नक्षत्रांत पेरलेला घास परतीच्या पावसाच्या तडाख्यांत सांपडतो. काळ्या रानावर पापुद्रा धरतो, कोवळें रोप मर लागून बसतें, व खरिपाचें तण त्याच्याबरोबरच उगवून येतें. हस्ताचा पाऊस उघडल्यावर एकदां तण उगवूं द्यावें, तें कुळवून मारावें, आणि चित्रा व स्वाती ह्या दोन नक्षत्रांत, म्हणजे साधारण १० ऑक्टोबरपासून ५ नोव्हेंबरपर्यंत, पेरणी उरकावी. विशाखा नक्षत्र हें शेवटचें समजावें. त्यापुढें रान मोकळें होत असेल तर त्यांत घास न घालतां दुसरी कांहीं सोय पाहावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

बरसीमाच्या बाबतींत हा नियम अधिकच कडक आहे. उशिरां पेरलेला लसूणघास निदान उन्हाळ्यांत व पुढेंही तगून राहतो व पहिल्या वर्षाची तूट पुढें थोडीबहुत भरून निघूं शकते. बरसीम हा मूळ मिसरकडचा, थंडीचा सोबती. आपल्याकडे चैत्र-वैशाखाचें ऊन त्यास सोसत नाहीं व त्या सुमारास तो संपतो. म्हणजे त्याचा शेवट ठरलेला आहे; आपण उशीर करतों तो त्याच्या आयुष्याच्या आरंभांतून कापला जातो. ऑक्टोबरच्या मध्यास पेरल्यास पन्नास-पंचावन्न दिवसांनीं पहिली व पुढें महिन्या-महिन्यानें अशा चार-पांच कापण्या मिळतात. डिसेंबरांत पेरल्यास दोन, फार तर तीन. भारी जमीन व मुबलक पाणी असेल त्यानेंच बरसीमाच्या वाटेस जावें. वरदान, मेस्कावी हे त्याचे वाण मिळतात. एकरीं दहा ते बारा किलो बीं पुरतें. बियांत कासनीचें बीं मिसळलेलें असतें, तें काढण्यास बीं शेंकडा दहा मिठाच्या पाण्यांत बुडवावें. हलकें असतें तें वर तरंगतें, तें टाकून खालचें बीं स्वच्छ पाण्यानें धुवून घ्यावें.

चवळीचा स्वभाव निराळा. ती उबेची भुकेली आहे. खरिपांत मृगाच्या व आर्द्राच्या पावसावर, घात सांपडतांच, पेरावी, पुनर्वसूपर्यंत चालतें. भाद्रपदाकडे ढकललेली चवळी दिवस आखूड होऊं लागल्यामुळें वेल न पसरतां लवकर फुलावर येते. दाण्यासाठीं तें एक वेळ चालेल, वैरणीसाठीं नाहीं. उन्हाळी चवळी थंडी पुरती गेल्यावर, फेब्रुवारीच्या मध्यानंतर टाकावी. जानेवारींत घाई करून टाकलेलें बीं थंड मातींत कुजतें. पेरणीपासून पंचावन्न ते साठ दिवसांत, निम्मीं झाडें फुलावर येतांच ती कापावी. शेंगा भरूं दिल्या तर दांडे निबर होतात, खालचीं पानें गळतात, आणि ज्या सत्त्वासाठीं आपण ती लावली तें पानांबरोबर मातींत जातें.

ज्याचा घास कोणत्याही कारणानें हुकला त्यानें ही उन्हाळी चवळी अवश्य ध्यानांत ठेवावी. आमच्या त्या वर्षीं ही गोष्ट आम्हांस सुचली नाहीं. कपाशी काढलेल्या त्या दहा गुंठ्यांत डिसेंबरांत घास न घालतां फेब्रुवारींत मका व चवळी ओळीआड पेरली असती तर एप्रिलाच्या ऐन चणचणींत एक चांगली कापणी हातीं आली असती. पुढील वर्षापासून तसेंच करतों. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा श्वेता हा चवळीचा वाण व आफ्रिकन टॉल हा मका ह्यांची जोडी जमते. मात्र येथें खताचा एक पेंच आहे. मक्यास नत्र हवें, चवळीस नको. सबंध रानांत युरिया फेंकला तर मका चवळीस झांकून टाकतो आणि चवळीच्या गाठीही बसतात. म्हणून दोन ओळी मक्याच्या व एक चवळीची अशी पेरणी करून वरखत हातानें मक्याच्या ओळीजवळच द्यावें. काम किचकट आहे, पण दहा-वीस गुंठ्यांस घरच्या माणसांनीं होण्याजोगें आहे.

आतां खताच्या मात्रेकडे वळूं. येथें थोडें गणित केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

एक एकर चांगला घास वर्षांत सुमारें चाळीस टन हिरवी वैरण देतो. त्याचा पांचवा हिस्सा कोरडा धरला तर आठ टन. वाळल्या घासांत नत्र शेंकडा तीनच्या आसपास असतें, म्हणजे वर्षाकांठीं अडीचशें किलोंच्या जवळपास नत्र त्या एकरांतून जनावरांच्या पोटांत गेलें. युरियाच्या भाषेंत हें पांचशें किलोंहून अधिक होतें! इतका युरिया कोणी टाकीत नाहीं, टाकूंही नये. हा बहुतेक सारा पुरवठा गाठी करतात. पण त्याच वैरणींतून स्फुरद पन्नास किलोंच्या आसपास व पालाश दीडशें किलोंहून अधिक निघून जातें, आणि हीं दोन हवेंत नाहींत. तीं जमिनींतूनच आलीं पाहिजेत. नत्र जेथें फुकट मिळतें तेथें आपण तें विकत घेऊन टाकतों, व स्फुरद जेथें फुकट मिळण्याची सोय नाहीं तेथें हात आंखडतों, असा आपला उलटा व्यवहार आहे. युरिया स्वस्त व स्फुरदाचीं खतें महाग हें त्याचें एक कारण. युरियाचा गुण आठ दिवसांत डोळ्यांस दिसतो, स्फुरदाचा मातीखालीं राहतो, हें दुसरें.

स्फुरदाचा आणि गाठींचा संबंध जवळचा आहे. नत्र बांधण्याच्या कामास पुष्कळ शक्ति लागते व ती शक्ति झाडांत इकडून तिकडे नेण्याचें काम स्फुरदावर चालतें. स्फुरद कमी पडलें तर मूळ आखूड राहतें, गाठी थोड्या धरतात आणि धरलेल्या पुरतें काम करीत नाहींत. म्हणजे स्फुरद घालणें हेंच घासास नत्र घालणें होय.

घास व बरसीम ह्यांस हेक्टरीं २० किलो नत्र व ८० किलो स्फुरद, आणि घासास ४० किलो पालाश, ही मात्रा आपल्या भागांत चालते. एकराच्या हिशेबानें सोळा टक्क्यांचें सिंगल सुपर फॉस्फेट २०० किलो, म्हणजे गुंठ्यास नेमकें पांच किलो. पालाशासाठीं म्युरिएट ऑफ पोटॅश एकरीं २७ किलो. युरिया एकरीं १७ किलो, म्हणजे गुंठ्यास अर्ध्या किलोहूनही कमी. तोही फक्त पेरणीच्या वेळीं, एकदांच. पहिले तीन आठवडे गाठी तयार नसतात व बियांत शिदोरी नसते, तेवढ्या दिवसांची ती बेगमी. चवळीस नत्र तेवढेंच, स्फुरद मात्र निम्मेंच, हेक्टरीं ४० किलो, पुरें होतें; कारण ती एकाच कापणींत रान मोकळें करते. डीएपीनें काम सोपें होतें हें खरें. एकरीं ७० किलोंत स्फुरद पूर्ण व नत्र थोडें जास्त पडतें. तरी आमचा कल सुपर फॉस्फेटाकडे आहे, कारण त्याबरोबर गंधक व चुना अनायासें मिळतो आणि घासासारख्या पुनःपुन्हां कापल्या जाणाऱ्या पिकास गंधक लागतें.

हें स्फुरद द्यावयाचें केव्हां व कसें, ह्यावर त्याचा सारा गुण अवलंबून आहे. नत्र पाण्याबरोबर धांवतें. स्फुरद जेथें टाकलें तेथेंच बसतें. आपल्या काळ्या रानांत चुनखडी असते, तिच्याशीं तें बांधलें जाऊन पिकास दुर्मिळ होतें. म्हणून उभ्या पिकांत वरून शिंपडलेल्या सुपर फॉस्फेटाचा बराचसा भाग वरच्या बोटभर मातींतच अडकतो. पेरणीपूर्वीं तें मुरलेल्या, चाळलेल्या शेणखतांत मिसळून पाभरीनें दोन-तीन बोटें खोल ओळींत पेरावें व त्याच ओळींवर वरच्या थरांत बीं पडेल अशी योजना करावी. कोवळें मूळ खालीं उतरतांच त्यास स्फुरद भेटतें. आमच्या उशिराच्या तुकड्यांत घाईमुळें हेंही राहून गेलें होतें. सुपर फॉस्फेटाचें पोतें पडवींत तसेंच होतें, व युरियानें रान हिरवें झालेलें पाहून त्याची आठवणही झाली नाहीं.

घास तीन-तीन वर्षें ठेवणाऱ्यानें पेरणीच्या मात्रेवर विसंबूं नये. वरील गणितांतील पन्नास किलो स्फुरद दरसाल जातच राहतें. चार-पांच कापण्या झाल्या कीं ओळींमधून कोळपें घालून त्या चरांत शेणखतांत कालविलेलें सुपर फॉस्फेट पुन्हां थोडें द्यावें व लगेच पाणी सोडावें. पालाश आपल्या काळ्या रानांत मुळांत पुष्कळ असतें, त्यामुळें पहिल्या वर्षीं न दिल्यास फरक दिसणार नाहीं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं दिसेल. शेणखत एकरीं पांच-सहा टन, तें पेरणीपूर्वीं. आणि कच्चें मुळींच नको, त्यांतून हराळीचीं व गवताचीं बियाणें रानांत येतात.

बियाविषयीं दोन शब्द. राहुरीचा आर. एल. ८८ हा वाण आमच्याकडे रुळला आहे. गुजराथेकडील आनंद-२ ही चांगला. एकरीं दहा किलो बीं, एक फुटाच्या ओळी, बीं बारीक वाळूंत मिसळून वरच्या थरांतच पेरावें. बोटाच्या पेराहून खोल गेलें तर उगवत नाहीं. एके वर्षीं स्वस्त म्हणून एका फिरत्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या बियांतून आमच्या रानांत अमरवेल आली. ती पिंवळी, बिनपानांची सुतळी दिसतांच तेवढा टापू घासासकट कापून जाळून टाकावा; हयगय केल्यास सबंध रान मोडावें लागतें. ज्या रानांत पूर्वीं घास झालेला नाहीं तेथें बियास रायझोबियमचें संवर्धन अवश्य चोळावें. प्रत्येक पिकाचा जिवाणू वेगळा. चवळीचें पाकीट घासास चालत नाहीं, म्हणून पाकिटावर पिकाचें नांव व मुदत वाचून घ्यावी. दहा किलो बियास २५० ग्रॅमचें पाकीट गुळाच्या थंड पाण्यांत कालवून चोळावें, बीं सावलींत सुकवावें, त्याच दिवशीं पेरावें. उन्हांत सुकविलेलें बीं व न चोळलेलें बीं सारखेंच.

पेरतांच हलकें पाणी, चौथ्या-पांचव्या दिवशीं आंबवणी, मग रानाच्या मगदुरानें. कापणी दहांतलीं एक-दोन झाडें फुलावर येतांच, जमिनीपासून तीन बोटें वर. त्याहून कोवळा घास वारंवार कापला तर मुळांतला सांठा भरून निघत नाहीं व झाड दोन-चार कापण्यांत खंगतें.

कोवळा, दंवानें ओला घास उपाशी जनावरापुढें कधींही टाकूं नये. डावी कूस ढोलासारखी फुगते व जनावर तासा-दोन तासांत दगावूं शकतें. सकाळीं कापलेला घास दुपारपर्यंत सुकत ठेवावा, आधीं कडबा घालावा, मग घास कुट्टींत मिसळून द्यावा. पहिले आठ दिवस थोडा-थोडाच.

यंदां चित्रांत पेरलेल्या तुकड्यांत दोन वाफे आम्हीं मुद्दाम सुपर फॉस्फेटावांचून ठेविले आहेत व दोन वाफ्यांस एकरीं २०० किलोंच्या ऐवजीं १०० किलोंच्या हिशेबानें दिलें आहे. बाकी सर्व सारखें. पहिली कापणी मार्गशीर्षांत होईल. ज्यांस भारे आपल्या डोळ्यांनीं वजन करून पाहावयाचे असतील त्यांनीं त्या दिवशीं सकाळीं यावें. ताणकांटा बांधावरच्या लिंबास टांगलेला असतो, आणि कुदळही ठेविलेली असते.